मूळ चित्राची किंमत कशी ठरवावी? आणि नेटवर किती दाखवावं?

गेरूकाव

नमस्कार मंडळी. मी अ‍ॅक्रिलिकमध्ये काम करतो, अधूनमधून कागदावर जलरंगही. आजवर जी चित्रं गेली ती ओळखीत गेली. ओळखीत किंमत कशी ठरते ते तुम्ही जाणताच: समोरचा म्हणतो "तूच सांग", आपण घसा खाकरतो आणि मनातल्या आकड्याच्या निम्मा आकडा तोंडातून निघतो.

आता जरा वेगळं प्रकरण आलंय. इन्स्टाग्रामवर टाकलेल्या एका कॅनव्हासखाली (२४ बाय ३६ इंच) एका अनोळखी बाईंनी विचारलंय, "मूळ चित्र विकायचंय का? किती?" आणि एका गॅलरीनेही चार-पाच कामं ठेवून घ्यायची तयारी दाखवली आहे, पण कमिशन ५० टक्के. म्हणजे बाईंना एक भाव आणि गॅलरीत दुप्पट भाव असं करायचं का?

माझा खरा घोळ असा आहे की माझं एक ८ बाय १० चं जलरंगातलं काम महिनाभर चाललं होतं आणि हे मोठं कॅनव्हास दोन बैठकांत उरकलं. वेळ धरला तर छोटं महाग, आकार धरला तर मोठं महाग. शिवाय एक चित्र मला मनापासून आवडतं, त्याची किंमत इतरांपेक्षा चढी ठेवावीशी वाटते. हे चालतं का?

दुसरं म्हणजे, नेटवर चित्र टाकताना हात आखडतो. चांगल्या दर्जाची फाइल टाकली तर कुणीतरी छापून विकेल, आणि बारीक टाकली तर चित्रात काहीच दिसत नाही. वॉटरमार्क आडवा टाकून पाहिला, चित्राची रया गेली.

"मनाला येईल ते सांग" हा सल्ला मिळाला आहे. तो सोडून काहीही चालेल.

पिक्सेलकाका

मी इलस्ट्रेशन करतो, त्यामुळे माझा हिशेब सरळ आहे. तासाचा दर ठरवा, लागलेले तास गुणा, त्यात रंग, कॅनव्हास, फ्रेम मिळवा. बाकी सगळं मनाचे खेळ. सुताराला तुम्ही लाकडाच्या मापावर पैसे देता का?

टर्पेंटाइन

काका, इलस्ट्रेशनला तुमचं बरोबर आहे, तिथे काम सांगून करवलेलं असतं. भिंतीवरच्या चित्राला तासाचा हिशेब लावला की पहिला मार चित्रकाराच्या हातालाच बसतो. जितका हात तयार, तितकं काम लवकर, तितकी किंमत कमी!

हा वाद जुना आहे, कोर्टातही गेलेला आहे. व्हिसलर नावाच्या चित्रकाराने रात्रीच्या आतषबाजीचं एक चित्र १८७७ मध्ये लंडनच्या ग्रोव्हनर गॅलरीत लावलं, किंमत २०० गिनी. रस्किन या नावाजलेल्या कलासमीक्षकाने छापून टाकलं की हा माणूस लोकांच्या तोंडावर रंगाचं भांडं फेकून वर पैसे मागतोय. व्हिसलरने दावा ठोकला. १८७८ च्या सुनावणीत रस्किनच्या वकिलाने त्याला खोदून विचारलं, की दोन दिवसांच्या मेहनतीचे तुम्ही २०० गिनी मागता? व्हिसलरने सांगितलं की नाही, आयुष्यभर काम करून जे ज्ञान मिळालं त्याचे मागतो. दावा तो जिंकला, पण भरपाई मिळाली एक फार्दिंग, म्हणजे तिकडचं सगळ्यात बारकं नाणं, आणि पुढच्याच वर्षी त्याचं दिवाळं निघालं. तेव्हा तत्त्वाने पोट भरतं असं मी म्हणत नाही. पण घेणारा तुमचे तास विकत घेत नसतो एवढं मात्र पक्कं.

गेरूकाव, आता तुमचं. मी तैलरंगात काम करते, बरीच वर्षं विकतेय, तेव्हा जरा लांबण लागेल.

किंमत आकारावर ठरवा. आकार कुणालाही टेप लावून मोजता येतो, त्यावर वाद होत नाही. दोन पद्धती चालतात. एक चौरस इंचाची: उंची गुणिले रुंदी, गुणिले तुमचा दर. दुसरी सरळ इंचाची: उंची अधिक रुंदी, गुणिले दर. दोन्ही करून बघा म्हणजे मजा कळेल. ८×१०, १६×२० आणि ३०×४० ही तीन मापं घ्या. चौरस इंच होतात ८०, ३२० आणि १२००, म्हणजे सगळ्यात मोठं चित्र सगळ्यात छोट्याच्या १५ पट. सरळ इंच होतात १८, ३६ आणि ७०, म्हणजे चौपटही नाही. पहिल्या पद्धतीत छोटं चित्र मातीमोल होतं आणि मोठ्याला गिऱ्हाईक मिळत नाही. दुसरीत मोठं चित्र फुकट गेल्यासारखं वाटतं. कॅनव्हास, रंग आणि पाठीचा कणा या तिन्हींचा खर्च काही नुसता चौपट नसतो, बराच जास्त असतो.

म्हणून मी चौरस इंच धरते, पण दर सगळीकडे सारखा ठेवत नाही. मधल्या मापाला पूर्ण दर, लहानाला दीडपट, मोठ्याला सात दशांश. मग त्याच तीन चित्रांचे आकडे (पूर्ण दर एक धरून) होतात १२०, ३२० आणि ८४०. छोटं परवडतं, मोठं खपतं.

एका जागी मात्र सांभाळा. दर जिथे बदलतो त्या पायरीवर गंमत होते. २४×३० चे ७२० चौरस इंच, पूर्ण दराने ७२०. २४×३६ चे ८६४, पण "मोठ्या" गटात टाकून सात दशांशाने धरले तर ६०५ च्या आसपास. झालं, मोठं चित्र छोट्यापेक्षा स्वस्त! गिऱ्हाईक हे दोन मिनिटांत ओळखतं. म्हणून मधल्या मापांचा दर मी हळूहळू उतरवते: २४×३० ला ०.८५, २४×३६ ला ०.८, मग ३०×४० ला ०.७. आकडे येतात ६१२, ६९१, ८४०. सूत्र लावून झालं की तक्ता डोळ्यांखालून घालायचा आणि हाताने नीट करायचा. सूत्र आपल्यासाठी असतं, आपण सूत्रासाठी नसतो.

आता मूळ दर कुठून आणायचा? इथे काकांचे तास कामाला येतात, पण पडताळा म्हणून. तुमच्याच टप्प्यावरचे, त्याच माध्यमातले, तेवढ्याच मापाची चित्रं करणारे लोक काय भावाने *विकतायत* ते बघा. काय भावाला टांगून ठेवलंय ते बघू नका, टांगायला कुणी काहीही टांगतं. मग त्या दराने एक चित्र गॅलरीतून गेलं असं धरून निम्मे पैसे वजा करा. उरलेल्यातून सामान, फ्रेम, ने-आण आणि कर गेल्यावर कामाची मजुरी म्हणावी असं काही हातात राहतं का? राहत नसेल तर दर कमी आहे.

आणि हेच तुमच्या दोन भावांच्या प्रश्नाचं उत्तर. भाव एकच. गॅलरीत, स्टुडिओत, इन्स्टाग्रामवर, मावशीच्या नणंदेला, सगळ्यांना एकच. ४० ते ५० टक्के कमिशन ही गॅलरींची नेहमीची रीत आहे, त्यात तुम्हाला कुणी लुटत नाहीये. जागा, दिवे, माणसं आणि त्यांची गिऱ्हाइकं यांचे ते पैसे. पण गॅलरीत दुप्पट आणि घरी निम्मं ठेवलंत तर गिऱ्हाईक तिथे बघून तुमच्याकडे घ्यायला येईल आणि ती गॅलरी तुमचं नाव पुन्हा काढणार नाही. थेट विकलं की पूर्ण रक्कम तुमची, कारण त्या दिवशी गॅलरीचं काम तुम्ही केलेलं असतं: फोटो, पत्रव्यवहार, पॅकिंग, "निळा जरा जास्त वाटतोय का हो" या प्रश्नाला हसतमुखाने उत्तर.

आवडत्या चित्राची किंमत चढवू नका. घेणाऱ्याला दोन एका मापाची चित्रं दिसतात, एक दुप्पट किमतीचं, आणि त्याला कारण दिसत नाही. तुमची माया त्याला कशी दिसणार? इतकं आवडतं तर "विक्रीसाठी नाही" लिहा आणि घरी लावा. कागदावरच्या जलरंगाचा दर कॅनव्हासपेक्षा कमी ठेवायची पद्धत आहे, त्याचा तक्ता वेगळा करा. महिनाभर चाललेलं ८×१० त्या तक्त्यात बसेल त्या किमतीला जाईल. वाईट वाटेल. वाटू द्या.

पिक्सेलकाका

मान्य, पण अर्धंच. पोर्ट्रेट सांगून करवून घेतात तेव्हा काय? तिथे तीन वेळा नाक बदलायला लावतात. माप तेच, तास तिप्पट. मी तरी तास धरणार, अर्धी रक्कम आगाऊ घेणार, आणि किती दुरुस्त्या फुकट ते आधी लिहून देणार.

टर्पेंटाइन

आगाऊ रक्कम आणि दुरुस्त्यांचं शंभर टक्के पटलं. पण तास नको, तक्त्यातली किंमत अधिक ठरलेले टक्के घ्या. आणि मागणीवरून केलेल्या कामाचा कॉपीराइट कुणाचा तेही त्याच कागदावर लिहा. एरवी चित्र विकलं तरी कॉपीराइट बहुतेक देशांत चित्रकाराकडेच राहतो. घेणाऱ्याला कॅनव्हास मिळतो, त्याचे प्रिंट काढून विकायचा हक्क मिळत नाही. सांगून करवलेल्या पोर्ट्रेटला मात्र काही देशांचे कायदे उलटे आहेत, वेगळं लिहिलेलं नसेल तर हक्क करवून घेणाऱ्याचा.

तिसरा_डोळा

किमतीतलं मला कळत नाही, फोटोचं सांगतो. चित्रांचे फोटो काढणं हाच धंदा आहे.

गेरूकाव, तुमची चोरीची भीती आकड्यांनी घालवू. चांगल्या प्रिंटला इंचाला ३०० पिक्सेल लागतात. तुम्ही लांब बाजू १५०० पिक्सेलची फाइल टाकलीत तर त्यातून नीट प्रिंट निघेल ५ इंचांचा. ताणून १५० ने काढला तर १० इंच, आणि तोही जवळून बघवणार नाही. पण फोनच्या आणि लॅपटॉपच्या पडद्यावर १५०० मध्ये चित्र झकास दिसतं. १२×१८ चा चांगला प्रिंट काढायला ३६०० × ५४०० पिक्सेलची फाइल हवी, ती तुमच्या हार्ड डिस्कमध्ये ठेवा, कुणाला पाठवू नका. मग वॉटरमार्कची गरजच काय? फारच वाटलं तर कोपऱ्यात, चित्राच्या *बाहेर*, पांढऱ्या पट्टीवर नाव लिहा.

फाइल एसआरजीबीत, म्हणजे पडद्यांसाठीच्या नेहमीच्या रंगव्यवस्थेत, सेव्ह करा. कॅमेऱ्यात किंवा सॉफ्टवेअरमध्ये अ‍ॅडोबी आरजीबी राहून गेलं तर कित्येक ठिकाणी रंग मेल्यासारखे दिसतात, आणि मग घेणारा म्हणतो फोटोत वेगळं होतं.

काढायचा कसा: चित्र भिंतीला सपाट, कॅमेरा स्टँडवर, लेन्स चित्राच्या बरोबर मध्यावर आणि समांतर. फोनची वाइड लेन्स जवळ नेऊन काढला तर कडा फुगतात, त्यापेक्षा मागे जाऊन झूम करा. दोन सारखे दिवे, दोन्हीकडून ४५ अंशांत. एक पिवळा एक पांढरा नको, खिडकीचा उजेड त्यात मिसळायला नको. दिवे नसतील तर ढगाळ दिवशी बाहेर, उघड्या सावलीत. पहिल्या फोटोत करड्या रंगाचं कार्ड धरा, त्यावरून व्हाइट बॅलन्स (पांढरा पांढराच दिसावा याची सेटिंग) लावा आणि तोच बाकीच्यांना.

वार्निश केलेल्या चित्राची चमक जाता जात नाही. त्याला दिव्यांवर पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर पोलरायझर, एकमेकांना काटकोनात. चमक पूर्ण जाते. पण सोबत रंगाच्या थराचा उंचसखलपणाही गायब होतो आणि काळे जास्तच गडद येतात. म्हणून मी आणखी एक फोटो काढतो, दिवा अगदी बाजूने, जवळजवळ चित्राला घासून जाईल असा. त्यात ब्रशचा एकेक फटकारा उठून दिसतो. मूळ चित्र घेणाऱ्याला नेमकं तेच बघायचं असतं, कारण प्रिंटमध्ये ते मिळत नाही.

भिंत_रिकामी_आहे

घेणाऱ्यांच्या बाजूने एक तक्रार करते. मी चित्रं विकत घेते, फार नाही, झेपेल तशी. "किंमत इनबॉक्समध्ये" हे वाचलं की मी पुढे जाते. विचारायचं म्हणजे आधी ओळख, मग गप्पा, मग आकडा ऐकून नाही म्हणायचा संकोच. आकडा समोर असेल तर मी मनातल्या मनात ठरवते आणि मग येते ती घ्यायलाच येते. माझ्यासारख्या पुष्कळ असाव्यात.

आणि कृपा करून ते सोफ्याचे खोटे फोटो बंद करा. बारा इंचाचं चित्र तीन माणसांच्या सोफ्यावर अर्धी भिंत व्यापून बसलेलं असतं. मला माप हवंय, खरं. हातात धरलेला एक साधा फोटो पुरतो. कॅनव्हासची कड रंगवलीय की पांढरी, हेही कुणी दाखवत नाही. त्यावर फ्रेम करायची की नाही ते ठरतं.

गेरूकाव

सगळ्यांचे आभार. तक्ता करायला घेतलाय. २४×३० आणि २४×३६ ची गंमत माझ्याही तक्त्यात जशीच्या तशी आली, ताईंनी सांगितलं नसतं तर दिसली नसती.

आणखी दोन गोष्टी. मित्र सूट मागतात त्यांचं काय करायचं? आणि त्या बाईंनी आता विचारलंय की याच चित्राचे प्रिंट पुढे निघणार का. काय उत्तर देऊ?

टर्पेंटाइन

मित्राला सूट द्या, पण पावतीवर आधी पूर्ण किंमत, खाली सूट, मग रक्कम, अशा तीन ओळी लिहा. म्हणजे उद्या त्याने कुणाला सांगितलं तर तुमची किंमत काय होती तेच कागद बोलेल. गॅलरीतही सूट कोण देणार आणि कुणाच्या वाट्यातून जाणार हे आधी ठरवा, नाहीतर सूट गॅलरी देते आणि कापली जाते तुमच्या निम्म्यातून. त्याच करारात कामं किती महिने तिथे राहणार, विकल्यावर पैसे किती दिवसांत येणार, तिथे असताना खराब झाली तर भरपाई कुणाची आणि फ्रेमचा खर्च कुणाचा, हे सगळं येऊ द्या. तोंडी काही नको. माणसं चांगली असतात, स्मरणशक्ती वाईट असते.

किंमत खाली आणायची नाही, हा एक नियम मी मोडत नाही. गेल्या वर्षी ज्याने पूर्ण भावाने घेतलं त्याने या वर्षीचा स्वस्त भाव बघितला की त्याच्या भिंतीवरचं चित्रही स्वस्त झालं. म्हणून सुरुवात जरा खालून करा आणि कामं पटापट जायला लागली की वर्षातून एकदा १०-१५ टक्के चढवा, आधी सांगून. नेटवरचे जुने आकडेही त्याच दिवशी बदला. जुन्या पोस्टमध्ये वर्षापूर्वीचा भाव तसाच राहतो आणि नेमकं गिऱ्हाईक तिथूनच उगवतं.

प्रिंटचं बाईंना खरं ते सांगा, आणि आजच ठरवून सांगा. "प्रिंट निघणार नाही" म्हणालात तर तो शब्द झाला. काढणार असाल तर मर्यादित की कितीही, ते पहिला प्रिंट विकायच्या आधी ठरवा. मर्यादित म्हणजे ५० म्हटले की ५०, खाली पेन्सिलने ७/५० असा क्रमांक, सही, आणि ५१ वा कधीच नाही. संपल्यावर "आता जरा मोठ्या मापात ५०" हा चावटपणा आहे. चांगल्या प्रिंटला पिगमेंट शाई आणि आम्लरहित कॉटन कागद लागतो. स्वस्तातला प्रिंट खिडकीसमोर फिका पडतो आणि खाली नाव तुमचं असतं. प्रिंटमुळे मूळ चित्राचा भाव पडतो असं मला दिसलेलं नाही, मात्र दोघांच्या किमतीत अंतर चांगलं हवं आणि पोस्टमध्ये "मूळ" की "प्रिंट" हा शब्द पहिल्या ओळीत हवा.

तिसरा_डोळा यांच्या फोटोंखाली काय लिहायचं तेही सांगून टाकते: नाव, वर्ष, माध्यम, कशावर केलंय, माप (उंची आधी, रुंदी नंतर), फ्रेमसकट की फ्रेमशिवाय, किंमत, पाठवणीचा खर्च त्यात की वेगळा. गेलेल्या चित्राची पोस्ट काढू नका, "विकलं गेलं" लिहा आणि राहू द्या. नवा माणूस तेच बघतो, की याची चित्रं जातात का.

भिंत_रिकामी_आहे

वार्निश आहे की नाही हेही लिहा हो. मी घेतलेल्या एका चित्रावर नव्हतं, मला कुणी सांगितलं नाही, मी ओल्या फडक्याने पुसायला निघाले होते.

टर्पेंटाइन

बरोबर. तैलरंगाला वार्निशच्या आधी साधारण सहा महिने ते वर्षभर थांबायची रीत आहे, तेव्हा ताजं चित्र बिनवार्निशचंच जातं. पावतीवर तसं लिहा आणि कोरड्या मऊ ब्रशने धूळ झटकायला सांगा. जलरंगाला काच आणि आम्लरहित माउंट, थेट उन्हात नको. शिवाय तुम्ही वापरलेले रंग टिकाऊ आहेत ना ते ट्यूबवर बघा. जुना अलिझरिन क्रिमझन (गडद लाल, ट्यूबवर रंगद्रव्याचा क्रमांक पीआर ८३) उजेडात उडतो. नेहमीच्या भावाने विकायचं तर तो पेटीतून काढा.

गेरूकाव

बाईंना आकडा कळवला. पूर्ण, घसा न खाकरता. त्या म्हणाल्या पाठवा. आता पॅकिंग! बबल रॅप थेट गुंडाळला तर चालेल ना?

टर्पेंटाइन

अजिबात नाही, अ‍ॅक्रिलिकला तर नाहीच. अ‍ॅक्रिलिकचा थर उष्णतेने मऊ पडतो, बुडबुड्यांचे गोल त्यावर उमटतात आणि निघत नाहीत. आधी चित्रावर ग्लासिन कागद, म्हणजे बटर पेपरसारखा गुळगुळीत कागद. चार कोपऱ्यांना पुठ्ठ्याचे टोपण, मग चित्राच्या पृष्ठभागाला न टेकणारा कडक पुठ्ठा दोन्हीकडून, त्यावर बबल रॅप, बुडबुडे बाहेरच्या बाजूला, आणि मग खोका. खोक्यात हलवून बघा, आत काही सरकता कामा नये. बंद करायच्या आधी मागच्या बाजूचा, सहीचा आणि चारही कोपऱ्यांचा फोटो काढून ठेवा. वाटेत काही झालं तर विम्याला तोच लागतो. कॅनव्हास लाकडी चौकटीवरून काढून गुंडाळून पाठवायचा मोह झाला तर रंगाची बाजू बाहेर ठेवून, जाड नळीवर. पण २४×३६ ला कशाला, चौकटीवरच पाठवा.

तिसरा_डोळा

आणि खोका बंद करण्याआधी मोठ्या फाइलचा फोटो नीट काढून घ्या. चित्र एकदा गेलं की परत मागता येत नाही.